ताजा धूर

सरांनी मला घर भाड्याने दिलं ते निव्वळ गैरसमजातून. मी बंगळूरला हेब्बाळच्या एका कंपनीत आहे आणि ती कंपनी इतर कंपन्यांना त्यांचा कार्बन मोजून देते, एवढं एजंटाने त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी कॉम्प्युटर शिकलेली. कार्बन हे माझ्या लेखी तक्त्यातल्या एका रकान्याचं नाव होतं. तिथे आकडा बसला की माझं काम संपलं. पण राजाजीनगरातल्या त्या घराच्या व्हरांड्यात सर माझी अशी वाट बघत उभे होते, की मला परत फिरावंसं वाटलं.

"हे टेबल कशाचं?" नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न हाच.

"लाकडाचं."

"लाकूड कुठून आलं?"

"झाडातून."

"आणि झाड?"

"मातीतून," मी म्हटलं.

सरांनी समाधानाने डोळे मिटले. आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. विद्यार्थ्याने नेमकी हवी तीच चूक केली, की या जातीच्या माणसांना काय आनंद होतो ते मी त्या दिवशी पाहिलं. "हवेतून, अम्मा, हवेतून! झाड हवा खातं आणि तिचं लाकूड करतं. माती स्वल्प मीठ देते आणि पाणी, अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच, आणि अम्मा ही मी, हे कळायला मला थोडे दिवस लागले. तिकडे पोरीबाळींनाही अम्मा म्हणतात. टेबल हवेचं आहे हे मात्र मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी कॉफीचे पेले घेऊन आल्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. "तिला आधी बसू द्या की, मग परीक्षा घ्या," त्या म्हणाल्या. अक्कासुद्धा नवऱ्याला सरच म्हणत, पण त्यांच्या तोंडी त्यात आदर किती आणि थट्टा किती हे सांगणं कठीण होतं.

सरांचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी कुठल्याशा स्वारीबरोबर इथे आले आणि परत जायचं विसरले. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडताना दोन्ही. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक माणसाला ते पुण्याचा समजत. मी नाशिकची आहे हे मी सुरुवातीला सांगून पाहिलं, पण सरांच्या नकाशात नाशिक पुण्यातच कुठेतरी होतं. मीही नाद सोडला.

त्यांच्याशी बोलताना माणूस हटकून गोंधळायचा. वाक्य सुरू व्हायचं जेवणाच्या ताटात आणि संपायचं समुद्राच्या तळाशी. परसात एक नारळ होता. नारळ उतरवले की सर त्यांची नावं सांगायचे. "हा मागच्या भाडेकरूचा. चांगला होता बिचारा, खूप बोलायचा. बोलेल तेवढा श्वास, आणि श्वास बाहेर पडला की झाडाचा." त्याच नारळाची चटणी मग माझ्या पानात यायची. मी हात आखडता घेतला की अक्का म्हणायच्या, "खा गं, खा. पुढच्या वर्षी तुला खाणार आहेत ते."

एकदा अक्कांना मदत करायला म्हणून मी ओट्यावर लिंबू चिरलं. ओटा काळ्या कडप्प्याचा. रस सांडला त्यावर बारीक बुडबुडे आले. सर दारात उभे होते. चोर पकडल्यासारखे ओरडले, "पूस! पूस ते!" मला वाटलं दगडावर डाग पडेल म्हणून. छे. कडप्पा म्हणजे एकेकाळची हवा, असं त्यांनी मला पुसता पुसता सांगितलं. हवा पाण्यात विरली, पाण्यातून तळाला बसली, तळाचा दगड झाला आणि युगानुयुगं स्वस्थ पडून राहिली. आणि आता नाशिकच्या, म्हणजे पुण्याच्या, एका मुलीने लिंबू पिळून तिची पुन्हा हवा केली. "झोपलेल्याला उठवू नये, अम्मा." मी त्या दगडाची माफी मागावी अशी त्यांची अपेक्षा होती की काय, मला कळेना. मी आपली सॉरी म्हणाले. कोणाला म्हणाले ते देव जाणे.

झोपलेल्याला उठवू नये हेच सरांच्या आयुष्याचं तत्त्व होतं. त्यांच्या मते जगात कार्बन दोन प्रकारचा. एक ताजा. तो झाडात असतो, पानात असतो, माणसात असतो. जळला तरी हवेत जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पान होऊन येतो. त्याचं येणंजाणं चालूच असतं, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. दुसरा झोपलेला. कोळसा, पेट्रोल, गॅस. माणसं जन्मायच्या कितीतरी आधी जमिनीखाली जाऊन निजलेली ती जंगलं आणि समुद्रातले जीव. त्यांना उकरून जाळणं हे सरांच्या लेखी पाप, आणि वीज कोळशावर होते म्हणून वीजही जवळजवळ पापच. दिवे, पंखा आणि टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी नाइलाज म्हणून चालवून घेतल्या होत्या. स्वयंपाकाच्या गॅसवरून एकदा मोठं भांडण झालं होतं म्हणे. "स्वयंपाकघर माझं," असं अक्कांनी निक्षून सांगितलं आणि जिंकल्या. त्या गॅसवरची कॉफी सर दिवसातून चारदा मुकाट्याने पीत.

पण न्हाणीघर सरांचं. तिथे गीझर बसवायचा नाही ही मला घर देतानाची एकमेव अट होती. गच्चीवर सौरबंब बसवू, असं मी एकदा सुचवलं, तर तो बंब बनवताना काच आणि ॲल्युमिनियम वितळवायला किती झोपलेले उठवले असतील, यावर मला अर्धा तास ऐकावं लागलं. न्हाणीघरात भिंतीत बसवलेला तांब्याचा मोठा हंडा होता, खाली चूल. चुलीत नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या फांद्या. सगळा ताजा माल. रोज सकाळी तिथून कढत पाण्याची बादली मी वरच्या मजल्यावर माझ्या घरात न्यायची. त्या पाण्याला धुराचा एक गोडसर वास असे आणि मला तो आवडायचा, खोटं कशाला सांगू?

सरांची सकाळ ठरलेली होती. उजाडलं की कापडी पिशवी घेऊन ते बाहेर पडत. बागेतल्या, रस्त्यावरच्या पडलेल्या काटक्या वेचत. आठवड्यातून एकदा चिकपेटेत जात, तिथल्या कापडवाल्यांकडून मोडकी लाकडी खोकी मागून आणत. लाकूड वाळलेलं आहे ना, हे ते कानाशी टकटक करून तपासत. सर परत येईपर्यंत सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापलेलं असे. चुलीसमोर बुटक्या पाटावर अक्का बसलेल्या असत, हातात फुंकणी, पदर नाकाशी.

हे चित्र मी रोज बघत होते. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. उलट, एकदा ऑफिसात तक्त्यावर काम करताना इंधनांच्या यादीत लाकडासमोर शून्य लिहिलेलं मी पाहिलं. आमच्या वरिष्ठांना विचारलं तर ते म्हणाले, बरोबर आहे, लाकडाचा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो, तो परत गेला तर वाढला कुठे? मी घरी येऊन सरांना हे सांगितलं. त्यांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग अक्कांना बोलावून सांगायला लावलं. "बघ," ते अक्कांना म्हणाले, "मोठमोठ्या कंपन्यासुद्धा आपल्या हंड्यापुढे शून्य लिहितात." अक्का हसल्या आणि खोकल्या.

तो खोकला थंडीचा आहे असं सगळेच धरून चाललो होतो. बंगळूरची थंडी लबाड असते, दुपारी पंखा लावायला लावते आणि सकाळी शाल. पण थंडी सरली तरी खोकला सरेना. अक्का जिन्याच्या मधल्या पायरीवर बसू लागल्या. मग वर यायच्याच बंद झाल्या. सरांनी घरगुती काढे केले. प्रत्येक काढ्यातलं कुठलं द्रव्य छातीत जाऊन काय करतं, हे ते त्यांना समजावून सांगत आणि अक्का मान डोलावत. एका सकाळी मी बादली घ्यायला गेले तर चूल विझलेली, न्हाणीघर धुराने भरलेलं आणि अक्का पाटावर भिंतीला टेकून बसलेल्या. तोंड उघडं. श्वास आत जाताना ऐकू येत होता. बाहेर पडताना येत नव्हता.

सर काटक्यांची पिशवी घेऊन फाटकातून आत येतच होते. मी रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण होती. छातीचे फोटो काढले, फुंकायला लावलं, बोटाला चिमटा लावला. मग तिने कन्नडमध्ये विचारलं की या बिडी-सिगारेट ओढतात का. सर दुखावले. "नाही," ते म्हणाले. मग घरात कोणी ओढतं का? नाही. मग घरी चूल आहे का?

सर खुलले. मला आजही आठवतं, अक्कांच्या नाकाला नळी लावलेली असताना ते खुलले. त्यांना वाटलं विषय त्यांचा निघाला. त्यांनी तिच्याच टेबलावरचा कागद ओढला, गोल काढला, झाड लिहिलं, चूल लिहिलं, हवा लिहिलं, पुन्हा झाड. बाण काढले. लाकडाचा कार्बन ताजा असतो, तो फिरून परत येतो, त्याची बेरीज शून्य, हे त्यांनी तिला शुद्ध कन्नडमध्ये, मध्ये मध्ये इंग्रजी पेरून, अगदी सोपं करून सांगितलं. मला मान खाली घालावीशी वाटली. पण त्यांचं काय चुकतंय हे मलाही सांगता आलं नसतं, कारण त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

डॉक्टरने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हौदु सर, खरं आहे. ही चूल पेटवतं कोण?"

"ही," सर म्हणाले.

"किती वर्षं?"

सरांनी अक्कांकडे पाहिलं. कागदावरच्या गोलाकडे पाहिलं. त्या गोलात झाड होतं, चूल होती, हवा होती. सरांनी पेन खाली ठेवलं.

डॉक्टर रागावली नाही. तिने शांतपणे सांगितलं की फुप्फुसं धुराने खराब झाली आहेत, गेलेली परत येणार नाहीत, उरलेली जपायची. आत घेतलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, म्हणून ही ग्लानी. घरी ऑक्सिजनचं मशीन लागेल. आणि धूर बेडा. धूर अजिबात नको.

अक्कांना घरी सोडलं त्या दिवशी रिक्षातून परत येताना सिग्नलवर ट्रकचा काळा धूर अंगावर आला, तरी सरांनी झोपलेल्यांचा विषय काढला नाही. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी घरात गीझर आला. सरांनीच माणूस बोलावला, स्वतः उभं राहून भिंतीला भोक पाडून घेतलं. अक्कांच्या आंघोळीला गीझरचं पाणी. आणि सर त्या दिवसापासून थंड पाण्याने आंघोळ करू लागले. आतून त्यांचं कुडकुडणं ऐकू यायचं. ही शिक्षा होती की जुनाच हट्ट, मला काही उमगेना. मी अक्कांना विचारलं.

"दोन्ही," अक्का म्हणाल्या. "त्यांना ते वेगळं करायला येत नाही."

त्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या असत. बाजूला मशीन घुरघुरत असे, नळी नाकाशी. बोलताना मध्ये थांबत. एके दिवशी मी धीर करून विचारलं, "अक्का, इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाही?"

"बोलले की. स्वल्प धूर होतोय म्हटलं. ते म्हणाले, धूर म्हणजे अर्धवट जळणं, लाकूड ओलं आहे. दुसऱ्या दिवशी अगदी खणखणीत वाळलेलं आणलं." त्या थांबल्या. "पुन्हा म्हटलं. तर हवा कमी पडते म्हणाले, नवीन फुंकणी आणली. कुणी म्हणेल त्यांनी ऐकलं नाही, तर तसं नाही हं. प्रत्येक वेळी ऐकलं. मग मला वाटलं, सगळं बरोबर आहे, माझंच फुंकायचं चुकतंय."

मला इतका संताप आला की मी उठून खिडकीशी गेले. बाहेर परसात सर नारळाच्या बुंध्याशी नुसते उभे होते. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्यांचा तो वाकलेला पाठमोरा देह बघून मी खिडकीतून मागे फिरले. आणि मी तरी ओरडून काय सांगणार होते? त्या आठवड्यात ऑफिसात मी त्या रकान्याकडे बराच वेळ बघत बसले. लाकूड, शून्य. वरिष्ठ म्हणाले, काही शंका आहे का? मी म्हटलं, नाही. शंका नव्हती. आकडा बरोबर होता. मला जे होत होतं त्याला काय म्हणतात तेच मला ठाऊक नव्हतं.

सरांचं बोलणं आटलं. काटक्या वेचणं बंद झालं, तरी सकाळी सवयीने पिशवी घेऊन निघायचे आणि फाटकाशी पोचून परत फिरायचे. नारळ उतरवले तेव्हा एकाचंही नाव सांगितलं नाही. अक्कांनी मुद्दाम विचारलं, "हा कुणाचा?" तर म्हणाले, "नारळ आहे." दिवसभर ते त्या मशीनच्या बाजूला खुर्ची टाकून बसत. मशीनचं पुस्तक वाचून त्यांनी त्याचा प्रत्येक दिवा आणि प्रत्येक आवाज पाठ केला होता. हे चालतं कशावर, हा विषय मात्र कुणी काढला नाही. मी तर मुळीच नाही.

आणि एका शनिवारी दुपारी करंट गेला.

मी खालीच होते. पंखा थांबला, पाठोपाठ मशीनची घुरघुर थांबली आणि ते टिटी करून ओरडू लागलं. अशा वेळेसाठी एक छोटा सिलिंडर ठेवलेला होता, तो नेमका भरायला गेलेला. मी दुकानात फोन लावला. गाडी निघाली आहे, ट्रॅफिकमध्ये आहे, असं सांगितलं. अक्कांनी मला हातानेच सांगितलं की ठीक आहे, पण ठीक नव्हतं. खांदे वरखाली होत होते. ओठांचा रंग बदलायला लागला होता. मी त्यांना पुढे वाकवून उशीवर टेकवलं आणि पाठीवर हात फिरवत राहिले, दुसरं काही मला येत नव्हतं.

सर फोनवर होते. वीज कार्यालयाचा नंबर एकदा लागला नाही, दोनदा लागला नाही, मग लागला. एरवी सर फोन करत तेव्हा आधी स्वतःचं नाव, मग कॉलेजचं नाव, मग विषयाची प्रस्तावना. आज ते एकदम म्हणाले, "करंट द्या."

पलीकडच्याने भाग विचारला असावा. सरांनी सांगितला. पलीकडे काहीतरी ट्रान्सफॉर्मरचं बोलणं चाललं होतं, बराच वेळ लागेल, असं काहीसं.

"कुठूनही द्या," ते कन्नडमध्ये म्हणाले. "धरणाचा द्या, कशाचाही द्या." मग त्यांचा आवाज चिरकला. "कोळशाचा द्या. कोळसा असला तरी चालेल. ऐकताय ना? कोळसा जाळा, पण द्या."

त्या कारकुनाला काय कळलं असेल कुणास ठाऊक. त्याने बहुधा, काय म्हणालात सर, असं विचारलं.

"माझी बायको आहे इथे," सर म्हणाले.

फोन कानाला तसाच धरून ते उभे राहिले. अक्का एकेक श्वास ओढत होत्या आणि आम्ही दोघं प्रत्येक श्वासाबरोबर नकळत आमचाही ओढत होतो. किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.

मग पंखा हलला. मशीनचा हिरवा दिवा लागला, घुरघुर सुरू झाली. फोनवरच्या माणसाने केलं, की आपसूक झालं, कुणाला माहीत. सर मात्र त्या फोनमध्ये थँक्स म्हणत होते, आभार म्हणत होते, धन्यवादगळु म्हणत होते, आणि पलीकडून फोन केव्हाच ठेवलेला होता. मी रडत होते. अक्कांच्या ओठांवर हळूहळू रंग परतला. त्यांनी डोळे उघडले, भिंतीला धरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझा हात ओढला.

"आधी त्यांना पाणी दे," त्या म्हणाल्या. "बघ की, त्यांना केवढी धाप लागलीय."